एआरटी केंद्रातलं झोपेचं समुपदेशन: दोन भेटी, दोन फोन

‘झोप लागत नाही’ ही तक्रार एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात तिथे, रोज येते. बाहेर रांग लांब असली की तिला ठरलेलं उत्तर मिळतं: रात्रीचा चहा सोडा, मोबाइल बघू नका, टेन्शन घेऊ नका. सल्ल्यात चूक काही नाही. पण सहा-सहा महिने जागून काढलेल्या माणसाची झोप तेवढ्याने परत येत नाही, आणि पुढच्या खेपेला तो मेडिकलमधून झोपेच्या गोळ्यांची पट्टी घेऊन आलेला असतो. जुन्या निद्रानाशावर गुण येतो तो मुख्यतः दोन गोष्टींनी. एक, उठायची वेळ रोज तीच ठेवणं. दोन, अंथरुणात काढलेला वेळ प्रत्यक्ष झोपेच्या जवळ आणणं. हा उपचार वागणुकीचा आहे आणि त्याचं छोटं रूप चार आठवड्यांत, दोन भेटी नि दोन फोनवर बसवता येतं. समुपदेशकाला किंवा विहानच्या (एचआयव्हीसह जगणाऱ्यांना आधार देणारा कार्यक्रम) कार्यकर्त्याला तो नीट समजून घेऊन करता येतो. आपल्याकडची घरं आणि कामाच्या वेळा धरून तो कसा करायचा, ते पुढे आहे.

आधी झोपेआडचं कारण

पहिला प्रश्न घामाचा. रात्री अंगावरचे कपडे भिजतात का, खोकला, ताप आहे का, वजन घटलंय का? यातलं एक जरी ‘हो’ असलं तरी झोपेचं समुपदेशन बाजूला ठेवा आणि आधी टीबीची तपासणी करून घ्या. घामाने दोनदा उठणाऱ्याला झोपेचं वेळापत्रक देण्यात अर्थ नाही.

मग गोळी. ‘झोप कधीपासून बिघडली?’ हे विचारून ती तारीख पेशंटच्या उपचाराच्या हिरव्या पुस्तकातल्या गोळी बदलल्याच्या तारखेशी ताडून बघा. टीएलडी ही एचआयव्हीची रोजची, तीन औषधं एकत्र असलेली गोळी. तिच्यातल्या डोल्युटेग्राविरने काही जणांची झोप उडते, बहुधा सुरुवातीच्या आठवड्यांत. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे गोळी रात्रीऐवजी सकाळी घेणं. ही गोळी जेवणाआधी-जेवणानंतर कधीही चालते, त्यामुळे तिकडून अडचण नाही. निर्णय मेडिकल ऑफिसरचा, पण वेळ बदलताना होणारी चूक समुपदेशकाने टाळायची असते. सोमवारी रात्री ९ ला गोळी घेतली, ‘उद्यापासून सकाळी’ म्हणून मंगळवारची रात्र सोडली आणि बुधवारी सकाळी ८ ला घेतली, तर मध्ये ३५ तास गेले. वेळ बदलायची ती पुढची गोळी अलीकडे ओढून, लांबवून कधीच नाही. आणखी एक गफलत: सकाळी लोहाची, कॅल्शियमची किंवा पित्ताची गोळी चालू असते, तीही आता त्याच मुठीत जाते. यांनी डोल्युटेग्राविर अंगी लागत नाही. टीएलडी आधी, बाकीच्या दोन तासांनी.

टीबीसाठी रिफाम्पिसिन चालू असेल तर ५० मिलीग्रॅम डोल्युटेग्राविरची जादा गोळी १२ तासांनी असतेच. तिथे टीएलडी सकाळी ६ ला आणि जादा गोळी संध्याकाळी ६ ला असं बसवता येतं. निदान ती रात्री १० ची तरी राहत नाही.

एफाव्हिरेन्झ या एचआयव्हीच्या जुन्या गोळीवर अजून असलेल्यांचं गणित उलटं. ती झोपतानाच घ्यायची, कारण गरगरणं झोपेत निघून जातं. पण तेलकट-तुपकट जेवणानंतर घेतली तर रक्तातली मात्रा वाढते आणि चित्रविचित्र, खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडतात. रविवारी मटणाचं जेवण आणि रविवारीच भयानक स्वप्न, असा मेळ बसतोय का ते विचारा. पोट रिकामं किंवा हलकं असताना घेऊन बरेचदा सुटतं. नाही सुटलं तर गोळी बदलण्यासाठी डॉक्टरांकडे.

गोळी लपवण्यामुळे जाणारी झोप कुठल्याच तपासणीत दिसत नाही. सासू-दीर झोपेपर्यंत जागी राहणारी, मग अंधारात चाचपडत डबी काढणारी बाई ‘रात्री १ पर्यंत झोप येत नाही’ एवढंच सांगते. तिला विचारायचा प्रश्न वेगळा: ‘गोळी कुठे ठेवता, आणि कोण झोपल्यावर घेता?’ सकाळी चूल पेटवायच्या वेळी किंवा कामावर पोचल्यावर गोळी घेता येते का ते तिच्याबरोबर बसून ठरवा. सगळी बाटली बरोबर नेऊ नका. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या छोट्या घट्ट डबीत, बाकी मूळ बाटलीत, आतली ओलावा शोषणारी पुडी न काढता.

बाकीचं झटपट. तळपाय जळतात का (पूर्वी स्टॅव्हुडीन हे एचआयव्हीचं औषध घेतलेल्यांत आणि टीबीच्या आयसोनियाझिडबरोबर पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, न घेणाऱ्यांत हे दिसतं)? आडवं झाल्यावर पाय सतत हलवावेसे वाटतात का? मग हिमोग्लोबिन आणि लोह बघा. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात का? साखर तपासा. वजन वाढून घोरणं सुरू झालंय, श्वास अडकतो, दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागते? कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे पाठवा. इथे वेळापत्रकाने भागणार नाही.

पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची यादी भरून घ्याच. त्यातला तिसरा प्रश्न झोपेचाच आहे, पण लक्ष नवव्याकडे हवं. जगावंसं वाटत नाही असं उत्तर आलं तर त्या दिवशीचं काम तेवढंच: पेशंटला एकटं सोडायचं नाही, मानसोपचाराकडे पोचवायचं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर हातात द्यायचा.

ज्यांना वेळ कापून देऊ नये

पुढे येणारी झोपेची वेळ कापण्याची पायरी काही जणांना धोक्याची आहे: फिट येणारे, पूर्वी कधी उन्मादाचा झटका आलेले, गरोदर बाया, आणि ट्रक, एसटी, रिक्षा किंवा क्रेन चालवणारे. त्यांना उठायची ठरलेली वेळ आणि अंथरुणाचे नियम एवढंच द्या. चिंतेचं काम सगळ्यांबरोबर करता येतं.

अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी रोज घेणाऱ्याला ‘आजपासून बंद’ म्हणू नका. एकदम सोडल्यावर फिटसुद्धा येऊ शकते. डॉक्टरांच्या हातून टप्प्याटप्प्याने उतरवायची. एचआयव्हीच्या दुसऱ्या फळीच्या (पहिल्या औषधांनी भागलं नाही की दिल्या जाणाऱ्या) रिटोनाविरवाल्या गोळ्यांवर असणाऱ्यांना तर या झोपेच्या गोळ्यांची नशा जास्त चढते आणि जास्त वेळ टिकते. ‘कोणती झोपेची गोळी घेता?’ असं विचारलं की उत्तर ‘कोणतीच नाही’ येतं. ‘पट्टी दाखवा’ म्हटलं की खिशातून निघते.

पहिली भेट: ४५ मिनिटं आणि एक कॅलेंडर

झोपेची वही मराठी घरात टिकत नाही. कोणी तरी उघडून वाचतं, ‘हे काय लिहितेस?’ विचारतं, आणि तिथून भलतीच चौकशी सुरू होते. त्यापेक्षा भिंतीवरचं कॅलेंडर. त्याच्या चौकोनात दुधाचा हिशेब, गॅस सिलिंडरची तारीख असतेच. त्यात आणखी दोन आकडे कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. रोज सकाळी चहा घेताना लिहायचे: वर अंथरुणात एकूण किती तास, खाली त्यातली झोप किती तास. अंदाज चालतो. रात्री उठून घड्याळ बघून लिहिणाऱ्याची झोप त्या बघण्यानेच जाते, म्हणून घड्याळ आणि मोबाइल दोन्ही पालथे. लिहिता येत नसेल तर तुम्ही आठवड्यातून दोनदा फोन करून विचारा.

हे आकडे पहिल्या भेटीआधीच्या आठवड्यात लिहून घ्या, म्हणजे भेटीत हिशेब करता येतो. समजा ४५ वर्षांची बाई, धुणीभांड्याची कामं, एका खोलीत चौघं. रात्री साडेनऊला अंग टाकते, सकाळी ६ ला उठते. अंथरुणात साडेआठ तास. झोप सरासरी सव्वापाच तास. सव्वापाच भागिले साडेआठ, गुणिले शंभर: ६२ टक्के. निरोगी झोपेत हा आकडा ८५ च्या वर असतो. उरलेले सव्वातीन तास ती कुशी बदलते, उद्याची कामं मोजते, नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचा खर्च जुळवते. रोज तीन तास अंथरुणात जागं राहून मेंदू शिकतो की अंथरूण ही जागायची जागा आहे. संध्याकाळी भिंतीला टेकून पेंगणारी बाई अंथरुणावर पडली की टक्क जागी होते, ती म्हणून.

आता आधी उठायची वेळ ठरवा. ती तिच्याकडूनच येऊ द्या. नळाला साडेपाचला पाणी येतं ना, मग साडेपाच. रविवारी, सणाला, पाहुणे असताना, रात्रभर जागरण झालं तरी साडेपाच. झोपेच्या सरासरीत अर्धा तास मिळवा: पावणेसहा तास. साडेपाचपासून मागे मोजलं की पावणेबारा. त्याआधी अंथरूण पसरायचं नाही. म्हण आहे अंथरूण पाहून पाय पसरावे. इथे झोप पाहून अंथरूण पसरायचं. सरासरी कितीही कमी निघाली तरी साडेपाच तासांच्या खाली वेळ देऊ नका.

हे ऐकून पेशंट दचकतो. ‘आधीच झोप नाही, आणि तुम्ही आणखी उशिरा झोपायला सांगता?’ उपाशी पोटी भाकरी गोड लागते, तसं. दिवसभर जागून झोपेची भूक साठू द्यायची आणि ती एका ठिकाणी, एका वेळी भागवायची, एवढंच समजावून सांगा. आणि पुढचं न चुकता सांगा: पहिले सात ते दहा दिवस आधीपेक्षा जास्त थकवा येईल. हे आधी न सांगता पाठवलेला माणूस चौथ्या दिवशी सगळं सोडतो. या दिवसांत पेंग येत असेल तर दुचाकी, ट्रॅक्टर आणि कडबाकुट्टी यांच्या वाटेला जायचं नाही.

साडेनऊ ते पावणेबारा करायचं काय, हा खरा अडसर. दहाला दिवा जातो, बाकीचे झोपतात. इथे ‘वाचन करा’ सांगून उपयोग नाही. बसून, हाताने, मंद उजेडात होणारं काम हवं: उद्याचा लसूण सोलणं, तांदूळ निवडणं, मुलांचे कपडे घडी करणं, दारातल्या पायरीवर किंवा गॅलरीत बसून एका कानात हळू भजन ऐकणं. पाठ भिंतीला टेकायची नाही. टेकली की दहाला डुलकी लागते आणि पावणेबाराची झोप तिथेच खर्ची पडते.

अंथरुणाचे नियम

जमिनीवर झोपणाऱ्यांना ही पायरी पलंगवाल्यांपेक्षा सोपी जाते. दिवसा अंथरूण गुंडाळून कोपऱ्यात. त्यावर बसून टीव्ही नाही, जेवण नाही, फोन नाही, हिशेब नाही. डोळ्यांवर झापड आली की मगच ते उलगडायचं. थकवा आणि झोप यांत फरक आहे हे करून दाखवा: अंग दुखणं, पाय भरून येणं हा थकवा, जांभया, पापण्या जड होणं, मान कलंडणं ही झोप. थकव्याने आडवं व्हायचं नाही.

पडल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप आली नाही, किंवा मध्यरात्री जाग येऊन तेवढा वेळ गेला, तर उठायचं. दुसरी खोली नसते, म्हणून पायथ्याशी एक सतरंजी आधीच टाकून ठेवायची आणि तिच्यावर येऊन बसायचं. अंथरुणापासून हातभर लांब असलं तरी चालतं. जागा वेगळी असली म्हणजे झालं. झापड आली की परत. पहिल्या रात्री हे चार-पाच वेळा होतं. ‘उठले असते पण घरातले जागे होतील’ ही अडचण बहुतेकींची असते, म्हणून सतरंजी कुठे टाकायची ते भेटीतच कागदावर खोली काढून ठरवा.

दुपारी झोप टाळायची. अगदीच अवघड झालं तर ३ च्या आत, २० मिनिटं, गजर लावून, बसून.

चहा शेवटचा दुपारी २ ला. तंबाखूचं मात्र फारसं कोणी विचारत नाही. निकोटिनने जाग येते, आणि रात्री जाग आली की मिश्री लावत बसायची सवय असेल तर शरीर ठरलेल्या वेळी त्या मिश्रीसाठीच उठू लागतं. झोपण्याआधीचे दोन तास आणि रात्रभर मिश्री-तंबाखू नको, आणि डबी उशाशी नको. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण उतरते तेव्हा, २-३ च्या सुमाराला, माणूस घामाघूम उठतो. ‘दारूशिवाय झोप येत नाही’ म्हणणाऱ्याला दारूनंतरची झोप किती तास टिकते ते कॅलेंडरवर मांडायला सांगा. रोज पिणाऱ्याने मात्र एकदम बंद करू नये, आधी डॉक्टर.

रात्रीची चिंता संध्याकाळी

एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या रात्रीच्या विचारांना ठरावीक वाटा असतात. मुलीच्या सासरी कळलं तर? पुढच्या वायरल लोडचा (रक्तातल्या विषाणूंच्या मोजणीचा) रिपोर्ट काय येईल? माझ्यामागे पोरांचं कोण? ‘विचार करू नका’ म्हणून ते थांबत नाहीत. त्यांना वेळ नेमून द्या: संध्याकाळी साडेसहा, पंधरा मिनिटं, अंथरुणापासून लांब. कागदाचे दोन भाग: एकीकडे काळजी, दुसरीकडे उद्या करता येण्याजोगी एक गोष्ट. ‘रिपोर्ट’ समोर ‘मंगळवारी केंद्रावर विचारणार’. करता येण्यासारखं काही नसेल तर ती जागा रिकामी. रात्री तोच विचार आला की ‘उद्या साडेसहाला’ म्हणून परत पाठवायचा. कागद घरात सापडण्याची भीती असेल तर खुणेचे शब्द वापरायचे किंवा लिहून लगेच फाडायचं. लिहिण्यानेच निम्मं काम झालेलं असतं.

कळण्याची भीती निराधार असेलच असं नाही, तेव्हा ती हसण्यावारी नेऊ नका. एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, आणि संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करायला त्यात मनाई आहे. हे माहीत असल्याने काहींची रात्र हलकी होते. अधिक माहितीसाठी एचआयव्ही-एड्स हेल्पलाइन १०९७.

श्वासाचा व्यायाम द्यायचा तर सोपा द्या: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, दहा मिनिटं, संध्याकाळी. झोप आणायला म्हणून अंथरुणात केला की ‘आली का, आली का’ अशी परीक्षाच सुरू होते.

फोन, दुसरी भेट, फोन

एक आठवड्याने फोन. कधी, कोणत्या नंबरवर आणि काय नाव सांगून करायचा हे पहिल्या भेटीत विचारून ठेवा. उचलल्यावर पहिलं वाक्य ‘आत्ता बोलायला जमेल का?’ एआरटी, केंद्र, गोळी हे शब्द तुमच्याकडून येता कामा नयेत. फोन स्पीकरवर असू शकतो.

आकडे घ्या. वरच्या उदाहरणातली बाई आता पावणेसहा तासांत पाच तास दहा मिनिटं झोपते: ९० टक्के. ८५ च्या वर आहे, म्हणून पंधरा मिनिटं वाढवा, आणि ती झोपायच्या बाजूने: पावणेबाराचे साडेअकरा. ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तेच आणखी एक आठवडा. ८० च्या खाली असेल तर पंधरा मिनिटं कमी, पण साडेपाच तासांच्या तळाला हात न लावता. त्याआधी बघा की वेळ पाळली का. निम्म्या वेळा गडबड इथेच असते: रविवारी आठला उठणं, साडेदहाला ‘जरा पाठ टेकणं’, दुपारची विसरलेली डुलकी. ‘नियम पाळला का?’ या प्रश्नाला उत्तर ‘हो’च येतं. ‘काल दुपारी जेवल्यावर काय केलं?’ विचारा.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी समोरासमोर भेट, चौथ्याच्या शेवटी पुन्हा फोन, हाच हिशेब. दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम नेणाऱ्यांना मधली भेट फक्त झोपेसाठी बोलावू नका. प्रवासाचं भाडं आणि बुडालेली रोजंदारी मोठी असते. त्यांची दुसरी भेटही फोनवरच करा. दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवत जायचं ते टक्केवारी घसरेपर्यंत, किंवा दिवसा ताजं वाटेपर्यंत. कोणी साडेसहा तासांवर स्थिरावतो, कोणी साडेसातवर. आठ तास झालेच पाहिजेत हा आग्रह सोडायला सांगा. त्याची काळजी करण्यातही रात्र जाते.

ज्यांची रात्र स्वतःच्या हातात नाही

एमआयडीसीत आठवड्याला पाळी बदलणाऱ्याला एकच उठायची वेळ देता येत नाही. त्याच्यासाठी त्या-त्या पाळीच्या आठवड्यात रोज त्याच वेळी बसणारे चार तास शोधा. तिसऱ्या पाळीनंतर सकाळी ८ ते १२ आणि वर संध्याकाळी एक छोटी झोप, असं ठरतं. घरी येताना डोळ्यांवर गडद गॉगल, खिडकीला चादर, आणि शेजाऱ्यांना ‘बारापर्यंत हाक मारू नका’ हे स्पष्ट सांगणं. गोळी पाळीला बांधू नका, घड्याळाला बांधा. नाही तर पाळी बदलली की डोस चुकतो.

शेतीपंपाला रात्रीची वीज असलेल्या आठवड्यात वेळ कापण्याचा कार्यक्रम थांबवा, अंथरुणाचे नियम चालू ठेवा. ऊसतोडीच्या हंगामात नवीन काही सुरूच करू नका. पहाटे तीनला फडावर जाणाऱ्यांना जेवढी मिळेल तेवढी झोप घेऊ द्या.

झोप बसल्यावरही ती कधी तरी पुन्हा मोडते: घरात आजारपण, गोळीत बदल, कोणाचं लग्न. तीन-चार रात्री गेल्या तर काही करायचं नाही, फक्त उठायची वेळ सोडायची नाही. दोन आठवडे गेले तर पुन्हा कॅलेंडरवर आकडे, पुन्हा सरासरी, पुन्हा अर्धा तास मिळवून मागे मोजणं. हा हिशेब शेवटच्या फोनवर त्यांच्याकडूनच एकदा मोठ्याने करून घ्या, आणि उठायची वेळ कॅलेंडरच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या चौकोनात आधीच लिहून ठेवायला सांगा.